जुन्या वायरींवरचे नंबर

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात घालता येणार नाही, कंबर धरली आहे. कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? गॅरेजमध्ये उकिडवी बसत जाऊ नकोस. दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही, म्हणून आता एकदम सांगून टाकतो.

तर गाडी. तू मला दिलेली, तीच. चढावर धापा टाकू लागली, तेव्हा कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, प्लग आणि प्लगच्या वायरी बदला. ज्याची सख्खी बहीण तीस वर्षं गाड्या दुरुस्त करते, त्याने चार प्लगांसाठी दुसऱ्याच्या दारात का जावं, असं मी त्याला सुनावलं. (मनात. तोंडाने ‘बघतो’ म्हटलं.) इंजिन गरम असतं हे आधी बोटांना कळलं आणि मग मला. वायर टोपणाला धरून काढायची की मधेच धरून, हा प्रश्न मला ओढल्यानंतर पडला. टोपण आतच राहिलं, वायर हातात आली. तिसरा प्लग मात्र इतका सुरेख सुटला की मी बायकोला हाक मारून दाखवला. तिने तो नीट पाहिला आणि हात धुऊन या म्हणाली.

आता माझी हुशारी ऐक. कुठली वायर कुठल्या प्लगची हा घोळ नको, म्हणून सुरुवातीलाच मी चारही वायरींना नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, गणिताच्या मास्तराला शोभेल अशा अक्षरात. मग सगळ्या वायरी काढल्या, चिठ्ठ्यांसकट कचऱ्यात टाकल्या आणि खोक्यातून नव्या कोऱ्या घेतल्या. चूक लक्षात आली तोवर कचरा नेणारी गाडी वळणापलीकडे गेली होती. चार वायरी चोवीस प्रकारे लागू शकतात. वहीत तक्ता आखून मी चौदा करून पाहिले. सहाव्याला असा बार उडाला की वरच्या मजल्यावरचे वकील चपला न घालता खाली आले.

तासन् तास ओणवा होतो, अक्का. नखांतलं काळं साबणाने जात नाही. तू शेवटची आली होतीस त्या दिवशी जेवताना आमच्या मुख्याध्यापकांनी बहीण काय करते विचारलं आणि मी ‘वाहतूक खात्यात असते’ म्हणालो. तू समोरच होतीस. हात टेबलाखाली घेतलेस आणि अर्ध्या ताटावरून उठलीस. त्याच हातांनी मला शिकवलं, मास्तर केलं. मी चुकलो. तेव्हाच कळलं होतं, म्हणायला दोन वर्षं लागली.

उरलेले दहा प्रकार माझ्याच्याने होत नाहीत. जमलं तर ये.

तुझा,
धाकटा

ता. क. माझी बहीण मेकॅनिक आहे, हे काल मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, माझा क्लच बघतील का? तेव्हा येताना पाने-पक्कड आण.

आणखी एक ता. क. (मी, तुमची भावजय.) अक्का, पाकीट मी चिकटवते आहे म्हणून लिहिते. गाडी नवव्या प्रकारालाच सुरू झाली. आम्ही दोघं बाजारात जाऊनही आलो. आल्यावर यांनी दोन वायरी पुन्हा उलट्या लावल्या. गाडी चालू आहे म्हटल्यावर अक्का कशाला येईल, म्हणतात. चार दिवस शाळेत पायी जात आहेत. लवकर या, ऊन फार आहे.