मळकूचा खण

प्रिय भिंगोबा,

हाक वाचूनच ओळखलं असशील. गळ्यात दोरीला भिंग अडकवून मिरवणाऱ्या तुला या नावाने हाक मारणारी दुसरी कोण उरली आहे आता! इतक्या वर्षांनी पत्र कसं, असं विचारू नकोस. विचारलंस तर तू तरी कुठे लिहिलंस, असं मी विचारेन आणि आपलं पुन्हा तेच सुरू होईल. तुझ्या बहिणीकडून कळलं, की मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं आणि लेकीकडचा मुक्काम आटोपून तू घरी परतलास. आता एकटाच स्वयंपाक करतोस म्हणे. चहासुद्धा करपवणारा तू!

इकडे म्युझियमच्या पक्षिविभागात सगळं तसंच आहे. खण ओढला की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि माझ्या शिंका सुरू होतात. पक्षी उताणे, डोळ्यांत कापूस, पायांना चिठ्ठ्या. निवृत्त झाले तरी मी अधूनमधून जाते. फुकटात काम होतंय म्हटल्यावर साहेब कशाला नको म्हणतील? खिडकीजवळचं आपलं टेबल अजून डुगडुगतं. त्याच्या पायाखाली तू सारलेली पुठ्ठ्याची घडी मी कुणाला काढू दिलेली नाही. पक्ष्याच्या छातीवर हळूच फुंकर घालून खालची पिसं बघायची, हे मला तूच शिकवलंस. अशी जपून फुंकर घालायचास, जणू तो झोपला आहे. तुझी आठवण येते रे. आडपडदा कशाला ठेवू?

आणि तुझा तो पराक्रम! एवढ्या कपाटांतून तू नवी जात शोधून काढलीस ती कोणती, तर मातकट, ना तुरा ना रंग. चिठ्ठ्यांवर नर की मादी, ती जागाही कोरी. त्या ध्यानाला तू माझं नाव दिलंस, वर लॅटिनची शेपटी लावून. अख्खा विभाग मला मळकू म्हणायला लागला. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू एवढंच म्हणालास, की बाई, आधी नीट बघ, मग चीड. मी कसली बघते! हट्टाला पेटून मीही एक जात शोधली, निळीशार, आणि तिला आपल्या सरांचं नाव दिलं. ती छापून आली तेव्हा तू दुसऱ्या गावी नोकरीला गेला होतास. अभिनंदनाचं कार्ड आलं, त्यावर नुसती सही. सबंध आयुष्यात मी नाव दिलेला तो एकच पक्षी.

मध्यंतरी एका बंद पडलेल्या शाळेने जुन्या पक्ष्यांची पेटी आणून दिली. त्यात एक अगदी तुझ्या मळकूसारखा होता. सवयीने फुंकर घातली आणि बघतच राहिले. मातकट पिसांखालून निळी पिसं फुटत होती. वयात येणारा नर, रंग बदलता बदलता राहिलेला. म्हणजे मळकू ही मादी, आणि माझा निळा तिचाच नर! आपण त्यांना दोन जाती समजून दोन कपाटांत ठेवलं, आणि मधे आपलं टेबल. खात्रीसाठी मळकू आणि निळा, दोघांच्या तळव्यांचे कण डीएनए तपासायला प्रयोगशाळेत पाठवले, तिकडूनही तेच उत्तर आलं. आता उगाच भलते अर्थ काढत बसू नकोस, माझे काढून झाले आहेत.

नियम तुला पाठ आहे. जात एकच निघाली की आधी छापलेलं नाव राहतं आणि नंतरचं बाद होतं. म्हणजे तुझं राहणार, मी दिलेलं बाद. खोटं कशाला बोलू, घरी येऊन भांडी आपटली मी. तो शाळेचा पक्षी गुपचूप पेटीत परत ठेवला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण नाही जमलं. काल हे सगळं मांडणारा शोधनिबंध छापायला पाठवून दिला.

आता त्या देखण्या निळ्यालाही माझं नाव लागेल, तू दिलेलं. त्या नावातून तुला काय म्हणायचं होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं रे. फक्त तू ते तोंडाने म्हणावंस म्हणून मी रुसून बसले होते, आणि तू गावच सोडून गेलास. असो. दोन्ही कपाटांतले पक्षी आता एका खणात ठेवायचे आहेत. खण पुसून, नवा कागद अंथरून तयार आहे. शिपाई रोज म्हणतो, बाई, मी करून टाकतो. त्याला हात लावू दिलेला नाही. हे पत्र त्यासाठीच. नवे डोळे घेऊन ये आणि तुझ्या हाताने त्यांना शेजारी शेजारी ठेव. चहा मी करेन.

तुझीच,
मळकू