सात बाय सहाचा आडोसा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.५०

आजपासून रोजनिशी. वही झूच्या स्टोअरमधली. पहिल्या चार पानांवर पाणघोड्याच्या पंपाच्या नोंदी आहेत, त्या राहू देतो.

संकल्प :
१) रोज साडेपाचला उठून चाळीस मिनिटं चालणं.
२) चिडायचं नाही.
३) बिबट्याचं नवं घर ३० तारखेच्या उद्घाटनाला तयार.
४) ही त्याआधी परत येईल.

चौथा संकल्प माझ्या हातातला नाही, पण खात्रीचा आहे म्हणून लिहून टाकला. पहिला उद्यापासून. आज डोळा उघडेस्तोवर साडेसहा वाजले.

सकाळी ७.२०

ही परवा बहिणीकडे गेली. म्हणजे परत गेली. सासूबाई त्या बहिणीकडेच असतात, त्या घसरून पडल्या म्हणून ही दीड महिना तिकडेच होती. त्या चालायला लागल्या, ही परवा दुपारी घरी आली, दारातच पाच मिनिटं उभी राहिली, उभ्यानेच चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने पुन्हा गेली. जाताना शिलाई मशीन नेलं. लेक फोनवर म्हणाली, बाबा, चार दिवसांसाठी कोणी मशीन नेतं का? लेकीला शिवणातलं काही कळत नाही.

खरं कारण धूळ. ही नसताना मी घरातली मधली भिंत पाडून घेतली. भिंत पाडल्यावर सिमेंटची धूळ पंधरा दिवस उडत राहते आणि हिला ॲलर्जी आहे. धूळ खाली बसली की येईल.

५ नोव्हेंबर, बुधवार

साडेपाचला उठलो. पाणी प्यायलो. पुन्हा झोपलो. उठण्याचा भाग जमला, चालण्याचा तेवढा राहिला.

नव्या घराची पाहणी केली. अर्धा एकर. वरपर्यंत जाळी, तीन जुनी झाडं राखलेली, धबधबा, बसायला खडक आणि खडकाच्या पोटात गरम पाण्याचा पाइप. समोर जाड काच. काचेसमोरच्या अठ्ठावीस जागांवरून मी स्वतः लाल पेन्सिलीने नजरेच्या रेषा काढल्या आहेत. कुठूनही बघा, बिबट्या दिसणार म्हणजे दिसणारच. ब्लाइंड स्पॉट शून्य. संचालकसाहेब खूश. म्हणाले, लोक तिकीट काढून झाडं बघायला येत नाहीत.

कीपर मामाने मात्र नाक मुरडलं. मामा एकोणतीस वर्षं वाघ-बिबट्यांच्या देखभालीला आहे. बिबट्याच्या मादीला तो बाईसाहेब म्हणतो आणि मला नुसतं साहेब. म्हणाला, सगळं झकास आहे साहेब, पण बाईसाहेबांना आडोसा कुठाय? म्हटलं, रात्रीची खोली आहे की. म्हणाला, ती रात्रीची झाली, दिवसाचं काय? मी सांगितलं, आडोसा हा शब्द टेंडरमध्ये नाही. गप्प बसला. पटलं असावं.

चोवीस वर्षांत माझ्या हातच्या घरातून एकही प्राणी पळालेला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३

सुट्टी. सोफ्यावर बसून घर न्याहाळतोय. काय दिसतंय आता! सोफ्यावरून गॅसची शेगडी दिसते, मागचं दार दिसतं, खिडकी दिसते. मधे ती सात बाय सहाची खोली होती तेव्हा काही म्हणजे काही दिसत नव्हतं. खोली कसली, कोठीच. एक पत्र्याची पेटी, एक मशीन, एक स्टूल. ही रोज दुपारी आत जाऊन कडी लावायची. दीड-दोन तास. मशीनचा आवाज यायचा, मग थांबायचा. थांबला की मी दहा-दहा मिनिटांनी टकटक करून काहीतरी विचारायचो. नेलकटर कुठे आहे, विजेचं बिल कुठे ठेवलंय. काळजी असते माणसाला.

ही सासूबाईंकडे असताना गवंडी बोलावून चार दिवसांत भिंत उतरवली. सरप्राइज. आता ही घरात कुठेही असली तरी मला दिसेल. पंचवीस वर्षांच्या लग्नानंतर असा विचार किती नवरे करतात?

मोकळ्या हॉलचे तीन फोटो पाठवले. सहा तासांनी अंगठा आला. अंगठा म्हणजे होकार. निदान नकार तरी नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाईसाहेबांना रात्रीच्या खोलीत हलवलं. सुखरूप. जुन्या पिंजऱ्यातला लाकडी खोका भंगारात काढायला सांगितला. कुजकट, नखांनी ओरबाडलेला, वास तर असा की डोळ्यांतून पाणी यावं. मामा म्हणाला, राहू द्या साहेब, तिची सवय आहे. म्हटलं, नव्या घरात जुनं सामान न्यायचं नाही, हे माझं तत्त्व आहे.

हिची पत्र्याची पेटीही मी त्याच तत्त्वाने गॅलरीत ठेवली आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल सकाळी नऊला सरकतं दार उघडलं. बाईसाहेब उंबऱ्यापर्यंत आल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं आणि आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसल्या. दिवसभर ढिम्म. आजही तेच.

उंबऱ्यात पाच मिनिटं उभ्या होत्या. मी घड्याळ लावलं होतं.

काळजी नाही. नवं ठिकाण आहे. सोमवारपर्यंत बाहेर येतील.

१६ नोव्हेंबर, रविवार

चालायला गेलो! कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत. दूध संपलं होतं.

लेकीचा फोन. मी म्हटलं, तुझी आई अशी पळून गेली, जरा समजाव. लेक म्हणाली, बाबा, आई पळाली नाही, गेली. आणि म्हणाली, ती खोली पाडायच्या आधी तिला विचारलं होतं का? म्हटलं, सरप्राइज विचारून देतात का? मग मी विचारलं, ती आत एवढा वेळ शिवायची तरी काय? कारण पंचवीस वर्षांत मी चार उशांचे अभ्रे सोडून काही पाहिलं नाही. लेक म्हणाली, काही नाही. नुसती बसायची. लहानपणी मलाही घेऊन बसायची कधीकधी. बोलायचो पण नाही.

नुसतं बसायला सोफा आहे की. साडेसहा फुटी. तिच्या पसंतीचा रंग.

हिला खास मेसेज केला : मशीन ठेवायला हॉलच्या मधोमध नवं टेबल आणलंय, खिडकीचा उजेड थेट पडतो. अंगठा आला नाही. नेटवर्क.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाईसाहेब अजून आत. केलेले उपाय : खडक दोन अंशांनी गरम केला. धबधब्याचा आवाज कमी केला, मग बंदच केला. मटणाचा तुकडा दारापासून तीन फुटांवर ठेवला. तो कावळ्यांनी नेला. जुन्या पिंजऱ्यातली माती आणून टाकली. संचालकसाहेबांनी विचारलं, हिला बाहेर ढकलता येणार नाही का? मी म्हटलं, शास्त्रात बसत नाही. मामा म्हणाला, तुम्ही आधी जाऊन दाखवा.

मामाचं पालुपद एकच, आडोसा. पालथ्या घड्यावर पाणी. पण बाईसाहेब आता नीट खात नाहीत. वजन चार किलोंनी उतरलंय. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६

मेव्हणीकडे जाऊन आलो. सोबत निमंत्रणपत्रिका, पहिल्या रांगेतली खुर्ची राखल्याचं सांगायला. हिने चहा दिला. थोडी भरल्यासारखी वाटली. चेहऱ्यावर तजेला. आईची सेवा मानवली असणार.

मागची खोली हिला दिली आहे. लहानशी. मशीन खिडकीपाशी, भिंतीवर कॅलेंडर, पडदा नवा शिवलेला. दार सताड उघडं. मी मुद्दाम विचारलं, इथे दार लावून नाही बसत? म्हणाली, इथे लावावं नाही लागत.

येताना गाडीत विचार केला. म्हणजे बंद दाराची गरज नव्हतीच! भिंत पाडली ते बरोबरच होतं. हे तिच्याच तोंडून आलं. मोठाच दिलासा.

उद्घाटनाला येणार का, याचं उत्तर मात्र राहिलं. तिने डब्यात लाडू दिले. डबा परत करायला तरी येणं-जाणं होईलच.

ता. क. डबा आमचाच आहे. आत्ता झाकणाखालचं नाव वाचलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बाईसाहेबांनी दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर जुन्या पिंजऱ्यात परत न्या, नाहीतर हातची जाईल. जुना पिंजरा मीच पाडलाय.

दुपारी मामाने एक ताडपत्री ओढून काढली. खाली तो खोका. भंगारात दिलाच नव्हता, चाऱ्याच्या गोदामामागे दडवला होता. मी चिडलो नाही. (संकल्प २.) चिडण्याचं त्राणच नव्हतं. दोघांनी मिळून तो आत नेला आणि मोठ्या झाडाखाली ठेवला, तोंड झाडाकडे, पाठ काचेकडे. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस रेषा त्याच्यावर येऊन अडतात. मामाने दार उघडलं. बाईसाहेब निघाल्या ते पोट जमिनीला घासत, एका दमात तीस पावलं, थेट खोक्यात.

मामा रडला. मला म्हणाला, धूळ गेली डोळ्यात. धूळ नव्हती. काल पाइपने सगळं धुतलंय.

३० नोव्हेंबर, रविवार

उद्घाटन. पाचशे माणसं काचेला नाक लावून एक कुजका खोका बघत होती. मधूनच शेपटीचं टोक दिसायचं, तेवढ्यावर टाळ्या. संचालकसाहेब फीत कापताना माझ्याकडे असे बघत होते, की मला स्वतःलाच आडोसा हवा होता.

पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी. कुणा बाईंनी तिच्यावर पिशवी ठेवली. मी ती तीनदा उचलायला सांगितली. चौथ्यांदा नाही सांगितली.

हिचा मेसेज : शुभेच्छा. तब्येतीला जपा.

दुपारी चारला गर्दी पांगल्यावर बाईसाहेब बाहेर आल्या, खोक्याच्या डोक्यावर चढल्या आणि पाय ताणून आडव्या झाल्या. काचेसमोर मी एकटाच होतो. मामा म्हणाला, आता बघा, लपायला मिळालं म्हणून दिसतेय.

घरी आलो. सोफ्यावर बसलो. शेगडी दिसली, मागचं दार दिसलं, खिडकी दिसली.

मला सगळं कळलंय. उद्या गवंड्याला बोलावतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

भिंत झाली. सात बाय सहा. रोज साडेपाचला उठून स्वतः पाणी मारलं. दार नवं, भक्कम. कडी आतून, बाहेरून काहीही नाही. बाहेरच्या बाजूला, माझ्या डोळ्यांसमोर येईल असं, पेन्सिलीने लिहिलंय : टकटक करू नये. गॅलरीतली पेटी पुसून आत ठेवली, स्टूलही. गवंडी म्हणाला, महिन्यापूर्वी माझ्याकडूनच पाडून घेतलीत ना साहेब? म्हटलं, तेव्हा मी इंजिनीअर होतो.

हिला कळवलं. उत्तर : रविवारी येते.

येते! संकल्प ४, सात दिवस उशिराने. सरकारी कामाच्या मानाने काहीच नाही.

७ डिसेंबर, रविवार. दुपारी ४.१५

आली होती. अकराला आली, दोनला गेली.

खोली पाहिली. भिंतीला हात लावला. कडी लावून पाहिली, काढून पाहिली. पेन्सिलीचं वाचलं आणि हसली. पुष्कळ दिवसांनी हसताना पाहिलं तिला. म्हणाली, छान झालंय हो. मी बाईसाहेबांची सगळी गोष्ट सांगितली, शेपटीपासून. नीट ऐकली. मग म्हणाली, तिला बरं आहे ना आता? म्हटलं, हो. म्हणाली, तिला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

एवढंच म्हणाली. आणि पेटीला दोरी बांधायला लागली.

मी म्हटलं, भिंत पुन्हा बांधली ना. म्हणाली, भिंतीचं नाही हो काही. तिकडे मी दार उघडं टाकून बसते, दुपारभर. कोणी काही विचारत नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला कडीची आठवण होत नाही. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर भांडलो असतो.

मला सांगता आलं नाही, की मशीनचा आवाज थांबला की मला भीती वाटायची. की ती आत आहे, आणि माझ्याजवळ नाही. म्हणून विचारायचो नेलकटर. नेलकटर पंचवीस वर्षं माझ्याच टेबलाच्या खणात आहे.

पेटी मीच उचलून रिक्षेत ठेवली. जड नव्हती. रिक्षा निघता निघता म्हणाली, चालायला जाता ना रोज? म्हटलं, रोज.

बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आमच्याच खात्यातल्या कुणी केली असणार.

संध्याकाळी ५.३०

खोलीत स्टूल राहिलंय. तिला न्यायचं सुचलं नाही, की मुद्दाम ठेवलं, माहीत नाही. त्यावर बसून हे लिहितोय. कडी लावून घेतली. चांगली बसते, कुठे घासत नाही. भिंत अजून ओली आहे, वास येतोय.

तासभर झाला. कोणी टकटक केली नाही.