उजवीकडून पाहायच्या सहा खिडक्या

शिकागो,
२६ नोव्हेंबर १९५१

प्रिय तोर्स्टेन,

प्रभूची शांती तुझ्यासोबत असो. माझे ठीक चालले आहे. गुडघे वयाला शोभेल इतपत कुरकुरतात, चर्चमधला बाजा थंडीने बेसूर झाला आहे आणि शेजारच्या श्रीमती एकलुंड यांनी आल्याची बिस्किटे याही वर्षी करपवली. एवढे कुशल कळवून थांबावे असा मोह होतो. पण अकरा वर्षांनी आलेल्या पत्रात तेवढेच असेल, तर तू ते परत पाठवशील. म्हणून पुढे लिहिते.

शनिवारी मी हातमोजे घ्यायला स्टेट स्ट्रीटवर गेले. तुमच्या दुकानाच्या नाताळच्या खिडक्यांवरचे कागद त्याच सकाळी उतरायचे होते, हा निव्वळ योगायोग. फुटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती. रेल्वेच्या जिन्यावरून उतरलेले लोक डाव्या टोकाने येत होते, आणि पहिल्याच खिडकीत ज्ञानी लोकांचे कळसूत्री पुतळे उंटांवरून उतरून बाळाला भेटी देत होते. तिच्यापुढे मंदिरातले वृद्ध, मग गव्हाणी, मग मेंढपाळ, मग गाढवावरून डुलत चाललेली मरीया. आणि सर्वांत शेवटी देवदूत गब्रिएल तिला सांगत होता, की तुला पुत्र होईल. बापाच्या खांद्यावर बसलेल्या एका चिमुरडीने विचारले, "बाबा, बाळ कुठं गेलं? परत देऊन टाकलं का त्यांनी?"

लोक हसले. एक्केचाळीस वर्षे लॅटिन शिकवलेल्या बाईला मात्र ते सोसवेना. मी उजव्या टोकाला जाऊन छत्री आडवी धरली आणि येईल त्याला इथून सुरुवात करायला सांगू लागले. नवल म्हणजे लोकांनी ऐकले. पाव तासात सारा प्रवाह वळला, तसा चौकातला धिप्पाड पोलीस माझ्यापाशी आला.

"बाई, हा रस्ता आहे. तुमचा वर्ग नाही."

"मग हे सगळे रांगेत कसे उभे राहिले?"

त्याने रांगेकडे पाहिले, थोडा विचार केला आणि दुसरे टोक सांभाळायला निघून गेला.

इतक्यात तुमचे श्री. प्रुइट कोटाविनाच बाहेर धावत आले. खिडक्यांचा कारभार त्यांच्याकडे आहे, हे त्यांच्या घामावरूनच समजले. त्यांच्याकडून कळले, की मंगळवारी तू शिडीवरून पडलास आणि पाय प्लास्टरमध्ये घेऊन इस्पितळात आहेस. देखाव्यांच्या पाटांवर तू एक ते सहा आकडे घातले होतेस. काचा कागदाने झाकलेल्या. मदतनीस आत उभे. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडून मांडणी केली. आत उभ्या असलेल्याला बाहेरची बाजू उलटी होते, हे तू असतास तर तुला सांगावे लागले नसते. मालक संतापले होते. आकडे तुझे, म्हणून दोषही तुझा ठरत होता. पडदे ओढायचा हुकूम सुटला होता, आणि तुझी नोकरी उद्या राहील याची खात्री श्री. प्रुइट देत नव्हते.

तू पडलास हे मला रस्त्यावर एका परक्याकडून कळावे, याचा दोष माझा आहे.

मी त्यांना म्हटले, "पडदे कशाला? ही कथा ज्या लोकांत घडली ते उजवीकडून डावीकडे लिहितात. माझ्या भावाने शास्त्र वाचूनच हा क्रम लावलाय."

त्यांनी विचारले, "तोर्स्टेन तुमचा भाऊ? म्हणजे तुम्हीच त्या ताई?"

'त्या' या शब्दावर त्यांनी जेवढा भार दिला, त्यावरून तू काय काय सांगितले असशील ते समजले.

तासाभरात सोनेरी पाटी लागली : पवित्र भूमीच्या रीतीनुसार उजवीकडून पाहावे. मालक प्रसन्न झाले. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला. तुझी नोकरी शाबूत आहे.

आता कबुली. ही कथा सांगणाऱ्या लूकने आपले शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिले, आणि ग्रीक डावीकडून उजवीकडेच जाते. हे मला त्या क्षणी पक्के ठाऊक होते. अकरा वर्षांपूर्वी तू या दुकानात लागलास तेव्हा चर्चच्या पायरीवर, सर्वांदेखत, मी तुला म्हणाले होते की वेदीवरच्या मूर्ती कोरणाऱ्या हातांनी तू बाळ येशूला हातमोजे विकायला बसवलेस. परवा त्याच दुकानासाठी मी शास्त्र वाकवले. आणि पश्चात्ताप करायला बसले तर मला आनंदच होत राहिला.

मंदिराची खिडकी मी सर्वांत शेवटी नीट पाहिली. हन्ना संदेष्टी फार वयोवृद्ध होती आणि मंदिर सोडून जात नसे, असे लूक सांगतो. तुझ्या हन्नाला माझी हनुवटी आहे. शालही माझीच, हिरव्या दोऱ्याने रफू केलेला तिचा कोपरासुद्धा तू विसरला नाहीस. मी रागावायची पूर्ण तयारी केली. तेवढ्यात म्हाताऱ्या शिमोनाने बाळ पुढे केले, हन्नाचे हात वर आले आणि तिने मान हलवली. होकाराची. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. अकरा वर्षांत मी तुला एकदाही हो म्हटले नाही, आणि तू मला काचेआड दिवसभर हो म्हणायला लावले आहेस.

शेजारची बाई म्हणाली, "किती मायाळू म्हातारी केलीय." मी तिची चूक दुरुस्त केली नाही.

तुला पंधरा तारखेला घरी सोडतील असे कळते. तुझ्या बिऱ्हाडाचे तीन जिने तुला चढता येणार नाहीत. मी माझ्या घरी खालच्या खोलीत पलंग हलवून घेतला आहे. नाही म्हणायची तुला मुभा आहे. ते मी तुला पुरेसे शिकवले आहे.

नाताळच्या संध्याकाळची तांदळाची खीर मी दरवर्षी करते, आईसारखा तीत एकच बदाम घालून. ज्याच्या वाटीत तो येईल त्याचे वर्ष भाग्याचे, असे ती म्हणे. अकरा वर्षे तो माझ्याच वाटीत येतो आहे. एकटीच्या पातेल्यात दुसरे काय होणार?

हातमोजे घ्यायचे राहिलेच. तू चालू लागलास की आपण दोघे जाऊन घेऊ, त्याच दुकानातून.

बदामाला कंटाळलेली,
तुझी ती ताई,
हेडविग