घरी अवाक्षर नको

९ फेब्रुवारी, सोमवार

नाव वाचलं, पुन्हा वाचलं. भाऊजींचं खातं! बँकेत माझ्याच टेबलावर तपासखात्याचा आदेश – खातं आजच गोठवा, खातेदाराला कळता कामा नये. कुणाला तरी फोनवर गंडवून काढलेले पैसे फिरत फिरत भाऊजींच्या फ्रिजदुरुस्तीच्या दुकानात आलेत म्हणे. भाऊजी आणि फसवणूक! गिऱ्हाइकाकडे स्वतःची मजुरी मागताना ज्याला घाम फुटतो, तो माणूस!

सरळ मॅनेजरसाहेबांकडे गेले. म्हटलं, हे माझे सख्खे दीर. साहेबांनी चष्मा काढला. "बरं झालं सांगितलंत. हे काम मी करतो. पण घरी अवाक्षर नको. नोकरी जाईलच, वर खटला होईल. यात नातं बघत नाहीत."

दुपारी खातं गोठलं. आता पैसे जमा होतील, बाहेर एक छदाम पडणार नाही.

जेवताना भाऊजी समोरच. त्यांचे नेहमीचे विनोद चालू. मी ताट तसंच सरकवलं. हे म्हणतात, "पित्त झालंय का?" धन्य आमचे हे!

१० फेब्रुवारी, मंगळवार

"वहिनी, तुमच्या बँकेचं मशीन माझ्यावर रुसलंय!" – भाऊजी, कार्ड नाचवत. "बिघडलं असेल," मी म्हटलं. किती सहज खोटं बोलले! लाज वाटली.

संध्याकाळी त्याहून वाईट. सोमवारी सासूबाईंना हॉस्पिटलात दाखल करायचंय, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन. त्यासाठी त्यांनी ठेव मोडली. म्हणाल्या, "सगळे पैसे धाकट्याच्या खात्यात टाकते. मी टेबलावर पडल्यावर सह्या कोण करणार? धावपळ तोच करणार ना."

तिथे पैसे गेले की अडकले! सुटायला महिने लागतात. डॉक्टर तर म्हणतात, आता थांबण्यात अर्थ नाही. तोंड उघडलं तर मी गजाआड. नाही उघडलं तर सासूबाई... छे, लिहवतही नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

धीर केला. "आई, भाऊजींच्या खात्यात नका टाकू पैसे."

"का?"

काय सांगणार, कपाळ! "असंच."

"असंच? माझ्या पोरावर विश्वास नाही तुझा? की पैसे त्याच्याकडे चाललेत म्हणून पोटात दुखतंय?"

भाऊजी दारातच उभे होते. हसले नाहीत. चपला घालून निघून गेले. हे म्हणाले, "तू कशाला मध्ये पडतेस?" इकडे आड, तिकडे विहीर. मी एवढं बोलले तेही नियमाच्या काठावरच. नळ सोडून रडून घेतलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

भाजी चिरत होते, तर सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "रागाच्या भरात बोलले गं. पण तू उगाच बोलणारी नाहीस. बँकेतली माणसं तुम्ही, तुम्हाला जास्त कळतं." मग हळूच – "तुझ्याच खात्यात टाकते. चालेल?"

चालेल? धावेल! त्यांना घेऊनच कामावर गेले. त्या धापा टाकत होत्या, तरी सही झोकात केली. साहेब मीटिंगला बाहेर होते, भरणा मीच उरकला. सुंठीवाचून खोकला गेला – कुणाला काही सांगावं लागलं नाही आणि पैसेही वाचले! आज पोटभर जेवले. भाऊजी अजून बोलत नाहीत. बोलतील.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉस्पिटलात पैसे भरायला गेले, तर खिडकीवर माझं कार्ड चाललं नाही. पुन्हा घातलं. नाही.

शाखेत आले, तर साहेबांनी मान वर केली नाही. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला – भाऊजी दर महिन्याला घरखर्चाचा वाटा माझ्याच खात्यात पाठवतात. पैसा जिथे जातो, त्याच्या मागे आदेशही जातो. नव्या पोरांना हे मीच शिकवते!

साहेबांना काही विचारलं नाही. त्यांना सांगता येणार नाही.

घरी सासूबाई बॅग भरत होत्या. "भरलेस ना गं पैसे?"

हो म्हटलं.