फियाटच्या तोंडाची चाळणी

जव्हार,
२५ एप्रिल २००४

प्रिय उमेश,

आपल्या निशाचा फोन आला होता. ठाण्यातल्या एका गॅरेजमालकाने तुला कामावर बोलावले आणि ‘माझ्या हाताने गाड्या बिघडतात’ असे सांगून तू गोदामातच राहिलास, हे तिच्याकडून कळले. त्या वाक्याने मला तीन आठवडे स्वस्थ बसू दिले नाही. विज्ञानाचा शिक्षक निवृत्त झाला तरी समोर आलेले विधान तपासल्याशिवाय सोडत नाही. म्हणून आपल्या जुन्या फियाटला मी इंजिनाला बाहेरची गार हवा देणारी नळी पुन्हा बसवली आहे, अगदी तू बसवली होतीस तशी.

आधी मोजमाप केले. शाळेतून तापमापक मागून आणला. साखरशेतला जाऊन आल्यावर बॉनेटखाली एकसष्ट अंश भरले आणि समोरच्या जाळीपाशी चौतीस. इंजिन श्वास घेत होते तो त्या भट्टीतला. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच घोटात प्राणवायू शेकडा आठने कमी मिळतो. गोधडीत तोंड खुपसून घाट चढणाऱ्या माणसाला धाप लागायचीच. तू एकोणिसाव्या वर्षी हे नुसत्या आवाजावरून ओळखलेस. मला गणित मांडावे लागले.

पाइप पागोळीचे पाणी उतरवायचा, प्लॅस्टिकचाच घेतला. वळण देताना आत वाळू ठासून भरली आणि मग तो उकळत्या पाण्यात धरला, म्हणजे वळताना चेपत नाही. ही युक्ती तुझीच. सांध्यावर सायकलची ट्यूब ताणून बसवली, वरून पट्टा आवळला. धुराच्या तापलेल्या नळीपासून पाइप चार बोटे दूर ठेवला, त्याचे एक तोंड समोरच्या जाळीपाशी आणले आणि दुसरे हवेच्या फिल्टरच्या डब्याला जोडले. तुझी आई पायरीवर बसून सगळे पाहत होती. म्हणाली, “पोरानं केलं तेव्हा खेळणं होतं. आता बापानं केलं, तर प्रयोग काय?” काल साखरशेतचा तो चढ गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये काढला, जिथे नेहमी दुसरा टाकावा लागतो.

तोच चढ. सहा वर्षांपूर्वी, याच महिन्यात, निशाला पाहायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन आपण निघालो होतो. दोन्ही बाजूंच्या शेतांत भाताच्या रोपांची जमीन तयार करायला राब भाजणे चालू होते. पालापाचोळा जळून राख आणि अर्धवट करपलेली पाने रस्ताभर उडत होती. गाडीने काळा धूर सोडला आणि मध्यावरच बंद पडली. राबाशी उभा असलेला सुकऱ्या ओरडला, “मास्तर, गाडीलापण ठसका लागला का?” पाहुणे हसले. ते हसू मला सोसले नाही. तू बॉनेटकडे येण्याआधीच मी नळी उपटून दरीत भिरकावली आणि सर्वांदेखत म्हणालो, “पुन्हा यंत्राला हात लावू नकोस. तुझी लायकी नाही.” तू हातातला पाना टपावर ठेवलास आणि पायी जव्हारला परतलास. महिनाभरात ठाणे गाठलेस.

आता जे लिहायचे त्यासाठीच हे पत्र आहे. तू नळीच्या तोंडाला आईची पिठाची चाळणी तारेने बांधली होतीस. राबाचा महिना आहे, राख आत जायला नको, एवढा विचार तू केला होतास. त्या दिवशी पहाटे गाडी पुसताना ती चाळणी समोरून दिसते, पाहुणे काय म्हणतील, म्हणून मी तार सोडून ती काढून ठेवली आणि तुला सांगितले नाही. सुकऱ्याने टोमणा मारला त्याच क्षणी मला कारण समजले होते. दुसऱ्या दिवशी फिल्टर उघडला, तर तो राखेने आणि पानांच्या चुऱ्याने गच्च भरलेला होता. तू तेव्हा घरातच होतास, पलीकडच्या खोलीत. मी डबा झटकला, झाकण लावले आणि गप्प राहिलो. आईला वाटते चाळणी दरीत गेली. ती सहा वर्षे माझ्या कपाटात, उत्तरपत्रिकांखाली होती. कालच्या चढावर ती जागेवर बांधलेली होती आणि परतल्यावर तिच्यावर राखेचा थर होता. आईला अजून सांगितलेले नाही. हे पत्र पेटीत टाकून आलो की सांगेन. गाडी तुझ्या हाताने बिघडली नव्हती, उमेश. ती माझ्या हाताने बिघडली. गॅरेजमालकाला भेटायला जाशील तेव्हा हे पत्र बरोबर ने, त्याला वाचून दाखवलेस तरी चालेल.

तुझाच,
बाबा