खिडकी कोणी उघडली

गुरुवार, ता. ९

या नोंदीतून एवढेच सिद्ध करायचे आहे — आज नातीला मी जे बोलले ते रागाने नव्हे, पुराव्याने बोलले.

वस्तुस्थिती. शाळेला सुट्टी, म्हणून नात घरी. पावसाचा तिसरा दिवस. घरभर दोऱ्यांवर ओले कपडे. मुलगा कामावर. सून इमारतींचे पुठ्ठ्याचे नमुने करून देते. पंधरा दिवस खपून केलेला नमुना खिडकीजवळच्या टेबलावर वाळत होता. चारच्या सुमारास ती खिडकी घट्ट लावून ब्लेड आणायला गेली. परतली तो खिडकी उघडी, छपरे फुगलेली, भिंतींचा लगदा!

 सून तो लगदा ओंजळीने गोळा करू लागली. ते मला पाहवेना, म्हणून चौकशी मी हाती घेतली. सून बाहेर, मी खुर्चीत वाचत होते, उरली नऊ वर्षांची एकच व्यक्ती.

"आजी, पण—"

"मध्ये बोलू नकोस. माझे पूर्ण होऊ दे."

पूर्ण झाले. "मग? कोणी उघडली?"

"मी."

शिक्षाही मीच सुचवली. रविवारपासून आठ दिवस आत्याकडे जायचे होते, ते रद्द.

"जाऊ द्या हो आई," सून म्हणाली. "नमुना होईल पुन्हा. पण ती कधीपासून दिवस मोजतेय!"

मुलगा आल्यावर त्याचे आणखी वेगळे — "आई, तू तर घरातच कोर्ट भरवलंस की!"

चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. एकही पायरी गाळलेली नाही.

तरी आज पान अर्धे टाकून उठले.

शुक्रवार, ता. १०

काल एक तपशील लिहिला नाही. वाचता वाचता माझा डोळा लागला होता. दहा मिनिटे, फार तर पंधरा. निष्कर्षात त्याने फरक पडत नाही.

दुपारी — सुनेने फोनवर गिऱ्हाइकाकडून आठवड्याची मुदत मागून घेतली. चार शब्द ऐकूनही घेतले. आता नव्याने पुठ्ठे कापते आहे. नात शेजारी बसून चिमुकल्या दारांना डिंक लावते.

"आई, हे वाकडं बसलं गं."

"असू दे. राहणारे वाकडे निघाले तर शोभून दिसेल."

दोघी खुदकन हसल्या. मी आत पाऊल टाकले आणि नातीचे हसू जागच्या जागी विरले.

संध्याकाळी आत्याचा फोन. नात म्हणाली, "नाही येणार मी. आजी म्हणते, खिडकी मी उघडली."

'मी उघडली' असे ती आत्याला म्हणाली नाही. 'आजी म्हणते' असे म्हणाली. ही दोन विधाने एक नव्हेत, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दाखवत असे.

शनिवार, ता. ११

पाऊस उघडला. नातीला म्हटले, खिडकी उघड, हवा येऊ दे. तिने दोन्ही हातांनी कडी रेटली, मग लोंबकळली. तळवे लालबुंद झाले.

"हलतच नाही गं. पावसाने फुगलीये. मोठ्यांनाच उघडते."

"मग गुरुवारी?"

"तेच तर सांगत होते! तू म्हणालीस, मध्ये बोलू नकोस."

"माझे झाल्यावर सांगायचे होतेस."

"तेव्हा मला रडू येत होतं. म्हणून 'मी' म्हटलं."

मी उठले. तळव्याने कडीवर खालून एक ठोसा दिला. उघडली — आणि हाताला तो ठोसा ओळखीचा वाटला. गुरुवारी डिंकाच्या वासाने डोके धरले होते. पेंगतच मी उठले होते, असाच ठोसा दिला होता, पुन्हा बसले होते. मग डोळा लागला.

नात खिडकीतून वाकून बाहेरची डबकी बघत होती. तिला हाक मारली आणि म्हटले, खिडकी मीच उघडली होती.

रविवार, ता. १२

आत्या सकाळी येऊन तिला घेऊन गेली. जिन्यावरून हात हलवला — आईला, बाबांना. मलाही, जरा थांबून.

कबुली: गुरुवारी घरात आम्ही दोघी होतो. मी संशय एकीवरच घेतला, आणि तिला बोलू दिले नाही.

(सही) आजी