घास तोडलेले नान

६ नोव्हेंबर
कोकंदला सुखरूप पोचले. सकाळी रिश्तानहून निघताना ओयीने, माझ्या आईने, रीतीप्रमाणे ताजा नान पुढे धरला. मी दातांनी एक घास तोडून खाल्ला, उरलेला तिने खिडकीशेजारी खिळ्याला टांगला. परत येऊन मीच तो संपवायचा, तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. लवकर ये, नाहीतर नानवर तुझ्याऐवजी उंदरांचे दात उमटतील, असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता खोकली. या साथीत तिचा खोकला मला आवडत नाही.

नोकरी छान आहे. कापसाचं जुनं गोदाम औषध कंपनीने लशीसाठी घेतलंय. आत मोठी शीतखोली, बाहेर लांब बोळ, बोळाच्या भिंतीला पोती टांगायचे जुने आकडे. माझी खोली उबदार आहे, समोरच समसे, भट्टीत भाजलेले सामोसे, विकणाऱ्याची भट्टी. कंपनीचे साहेब तोलिब-अका ताश्कंदहून आले होते. लस भरपूर आहे, पण सरकारशी भाव ठरलेला नाही, सही होईपर्यंत एकही कुपी बाहेर जाणार नाही, असं त्यांनी बजावलं. सही झाली की पहिली कुपी तुमच्या ओयीला, असा शब्दही दिला. किल्ली माझ्याकडे.

९ नोव्हेंबर
लोकांना लस आल्याचं कळलंय. फाटकावर रोज माणसं येतात आणि मी रोज सांगते, आज नाही. मुकर्रम खोला सगळ्यांत आधी येतात. साठी उलटलेली, सगळ्यांचीच मावशी, रेशीम विणून बोटं वाकलेली. आज त्यांनी ओढणीतून नान काढला, एक घास खाल्ला आणि उरलेला आत टांग म्हणाल्या. मी हसून म्हटलं की खोला, ही रीत जाणाऱ्याची, तुम्ही कुठे निघालात? त्या फणकाऱ्याने म्हणाल्या की तुझ्या दारातून रोज रिकाम्या हाताने परत जाते ती कोण मग? टांग. माझ्या वाट्याची लस टोचून घ्यायला येईन, तेव्हा संपवीन.

म्हातारीचं मन कशाला मोडायचं? शीतखोलीच्या दाराशेजारच्या आकड्याला टांगला.

१३ नोव्हेंबर
एकीचं पाहून सगळ्यांनीच नान आणले. बोळाची अर्धी भिंत भरलीय. गारठ्यामुळे बुरशी धरत नाही. प्रत्येकावर वेगळा चावा. टॅक्सीवाल्या एर्गाशचा तर एवढा मोठा की नानची कोरच उरलीय. तो फाटकातून थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा ओरडून विचारतो की झुम्राद ओपा, नवरी दिली का? मी नाही म्हटलं की म्हणतो, बापाने नवऱ्याकडून घ्यायचं देज पुन्हा वाढवलं वाटतं, पोरगी घरातच म्हातारी होणार! सगळी रांग हसते.

तो खोटं बोलत नाही. तोलिब-अकांचा फोन आला होता. शेजारच्या देशाने जास्त भाव देऊ केलाय, म्हणून इथला भावही वाढवलाय. थोडा धीर धरा म्हणाले.

१७ नोव्हेंबर
मुकर्रम खोला गेल्या. शेजारणीने फाटकावर सांगितलं. काल दिवसभर श्वास लागला होता, सकाळी माती दिली.

त्यांचा नान त्यांच्या घरी पोचवावा म्हणून बोळात गेले. कुलूप मीच लावलेलं, तसंच होतं. आकडा रिकामा होता. खाली नानचे कण पडले होते. पायदळी येऊ नयेत म्हणून मी ते वेचून उंचावर ठेवले. कण ओलसर होते, नुकतेच तोंडातून पडल्यासारखे.

उंदीर असतील. पण बाकी एकाही नानला उंदराचा दात लागलेला नाही.

१९ नोव्हेंबर
एर्गाशही गेला. त्याच्या आकड्याखालीही कण आहेत.

दुपारी रिश्तानच्या टॅक्सीवाल्याने ओयीचं पुडकं आणून दिलं. नान. एक घास तोडलेला. कोकंदच्या गोदामात नान टांगला की नंबर लागतो, असं तिकडे कुणी तरी पसरवलंय. फोनवर तिला चार शब्दही सलग बोलवत नव्हते. तरी मला ओरडली की तुझ्या आईचा नान मागे टांगू नकोस, पुढे टांग.

तोलिब-अकांना विनवलं, एक कुपी द्या. खोकं फोडलं की गिऱ्हाईक सगळा माल परत करेल, म्हणाले. ओयींना म्हणावं, इतके दिवस थांबलात, सोमवारपर्यंत थांबा.

किल्ली माझ्या मुठीत होती. दारापर्यंत गेले. परत फिरले. ओयीचा नान दाराशेजारच्या रिकाम्या आकड्याला टांगला. पुढची जागा तीच एक होती.

२१ नोव्हेंबर
भर दुपारी बोळातून चावण्याचा आवाज. सावकाश, बोळक्या तोंडाने चावावं तसा.

दार उघडलं. रांग उभी होती. फाटकावर असते तशीच, पण आत. पुढे मुकर्रम खोला, मागे एर्गाश, त्यामागे आणखी काही. रागावलेलं कुणीच नव्हतं. खोलांनी विचारलं की मुली, आज मिळेल का?

आणि मी – सवयीने – म्हणाले, आज नाही.

त्यांनी मान डोलावली. उभेच राहिले.

२३ नोव्हेंबर
सोमवार. सही झाली. आमच्याशी नाही. उद्या सकाळी ट्रक येणार, सगळा माल सीमेपलीकडे. तोलिब-अका म्हणाले, मनाला लावून घेऊ नका.

ओयी फोन उचलत नाही.

उद्या ट्रकच्या आधी खोकं फोडणार. एक कुपी घेणार आणि रिश्तान गाठणार. नोकरी गेली तर जाऊ दे. बोळातून जावं लागेल. रांग आता दारापर्यंत –

२४ नोव्हेंबर
खोकं फोडलं. कुपी हातात आहे. त्यांनी वाट दिली. बाजूला सरून, अदबीने. कुणी मागितली नाही.

बाहेर येताना पाहिलं – दाराशेजारचा आकडा रिकामा. खाली कण.

ट्रक भोंगा वाजवतोय. ओयीच्या शेजारणीचा रिश्तानहून फोन येतोय, पुन्हा पुन्हा. मी उचलत नाही. उचलला नाही तर अजून काही झालेलं –

रांगेत खोकला. तो खोकला मी लहानपणापासून –

ओयी. घरातल्या सपाता पायात. मी कुपी पुढे केली. आता राहू दे, म्हणाली.

तिच्या हातात नान आहे. खिडकीशेजारचा. त्यावरचा चावा माझा.

किती वाट पाहायला लावलीस, म्हणते. आलीस ना, आता संपव. माझ्यासमोर बसून खा म्हणते, मी घास –